तीन पंचमांश कशाचे?

संस्थेची घटना दुरुस्त करायची म्हणून माझ्याकडे येणारे बहुतेक लोक सभा उरकूनच येतात. नोटीस व्हॉट्सॲपवर टाकलेली असते, इतिवृत्तात 'सर्वानुमते मंजूर' एवढी एकच ओळ, सूचक आहे तर अनुमोदक नाही. मग धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज, म्हणजे झालेल्या बदलाची नोंद करून घेण्याचा अर्ज, लटकतो आणि शिव्या कार्यालयाला बसतात. स्थापत्य अभियंत्यांच्या त्या संघटनेचे सचिव मात्र सभेच्या कितीतरी आधी आले. संघटनेचं नाव घेत नाही. लातूर-धाराशिव पट्ट्यातली आहे, एवढं पुरे. इतक्या नीट तयारीने आलेली संस्था मी क्वचित पाहिली आहे. म्हणूनच त्या रविवारी जे झालं ते डोक्यातून जात नाही.

मागणी साधी होती. संघटनेत पदवीवाले ते सभासद आणि डिप्लोमावाले ते 'सहयोगी सभासद'. सहयोगींकडून वर्गणी घ्यायची, पण त्यांना मत नाही आणि निवडणुकीला उभं राहता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरातली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. भिंतींतले काँक्रीटचे पट्टे, कोपऱ्यातल्या सळया तपासत साइटवर दिवसदिवस उभे राहिलेल्यांत ही डिप्लोमावाली पोरंही होती. संघटनाही त्याच धामधुमीत नोंदली गेली. ती पोरं आता साठीकडे झुकलीत आणि कागदावर अजून सहयोगीच आहेत. मला विचाराल तर हे केव्हाच बदलायला हवं होतं.

अडचण घटनेतच होती. नोंदणीच्या वेळी कुणीतरी तयार नमुना आणून टाइप करून घेतला होता. अभियंत्यांच्या संघटनेच्या उद्देशांत वसतिगृह आहे, वाचनालय आहे, गोशाळासुद्धा आहे. आपल्याकडे निम्म्या संस्थांच्या घटना अशाच तयार होतात, आणि पुढे तीस वर्षं त्याची किंमत मोजावी लागते. त्या नमुन्याच्या शेवटी एक वाक्य होतं : घटनेत व नियमावलीत कोणताही बदल संस्था नोंदणी अधिनियम १८६० च्या कलम १२ प्रमाणे करावा. मुळात हे कलम संस्थेचे उद्देश बदलण्यासाठी किंवा दोन संस्था एकत्र करण्यासाठी आहे. नियमावली बदलायची सोपी पद्धत संस्थेला स्वतःची ठरवून घेता येते. या एका वाक्याने ती वाट बंद केली होती. आणि हे वाक्य बदलायचं तरी पुन्हा कलम १२ च.

कलम १२ काय मागतं? कार्यकारिणीने प्रस्ताव लेखी मांडायचा आणि विशेष सभेच्या दहा दिवस आधी तो प्रत्येक सभासदाला हातोहात किंवा पोस्टाने पोहोचवायचा. सभेत तीन पंचमांश सभासदांनी, स्वतः किंवा प्रॉक्सीने म्हणजे आपल्या वतीने लेखी नेमलेल्या माणसाकरवी, होकार द्यायचा. मग एक महिन्याच्या अंतराने दुसरी विशेष सभा, आणि तिथे हजर असलेल्यांपैकी तीन पंचमांशांनी तोच ठराव कायम करायचा. दुसरी सभा अवघड नाही. माणूस अडकतो तो पहिल्या सभेत, कारण तिथले तीन पंचमांश हजर असलेल्यांचे नाहीत, एकूण सभासदांचे आहेत.

संघटनेच्या वहीत मताधिकार असलेले २१४ सभासद होते. म्हणजे १२९ होकार हवेत. वार्षिक सभेला चाळीस माणसं आली तरी सचिव खूश होणारी संघटना ही! पण त्याच कायद्यात कलम १५ आहे. ज्याची वर्गणी तीन महिन्यांपेक्षा जास्त थकली आहे, त्याला मत नाही आणि सभासद म्हणून त्याची मोजणीही होत नाही. वर्गणी १ एप्रिलला देय आणि सभा गणपती उठल्यानंतरच्या रविवारी. थकबाकीदार वगळले की वहीत ८८ जण उरत होते. एकदम हिशेब आवाक्यात आला.

तयारी मी स्वतः बसून करून घेतली आणि ती मला आजही अभिमानाने दाखवता येईल. जुना मजकूर, नवा मजकूर आणि बदलाचं कारण अशा तीन रकान्यांचा तक्ता केला, कारण बदल अर्जाच्या चौकशीत पहिल्यांदा तोच उघडला जातो. 'आवश्यक ते बदल करण्यास मान्यता' असले मोघम ठराव मी लिहू देत नाही. कोणत्या नियमातला कोणता शब्द जातो आणि त्या जागी कोणता येतो, हे ठरावातच असलं पाहिजे. टपाल सगळ्या २१४ जणांना गेलं, थकबाकीदारांनाही. सोबत प्रॉक्सीचा फॉर्म. पोस्टाच्या पावत्या वहीच्या अनुक्रमाने चिकटवलेल्या. कार्यकारिणीच्या बैठकीत मी कलम १५ सगळ्यांना समजावून सांगितलं. त्या बैठकीला विरोधातले एक ज्येष्ठ अभियंतेही होते. एक शब्द न बोलता ते टिपून घेत होते.

रविवारी सकाळी खजिनदार दारात टेबल टाकून बसले, शेजारी मी. बारा जणांनी आल्या आल्या थकबाकी भरून पावती घेतली. ८८ चे १०० झाले, हवे असलेले होकार ६०. सचिवांच्या चेहऱ्यावर हिशेब दिसत होता. हॉलमध्ये मागच्या रांगेत डिप्लोमावाले बसले होते. मत नाही, पण आले होते. उदगीरहून आले होते, निलंग्याहून आले होते.

सभा सुरू व्हायला थोडा वेळ असताना ते ज्येष्ठ अभियंते टेबलाशी आले. त्यांनी नऊ नावांची चिठ्ठी ठेवली आणि फोन पुढे केला. "हे नऊ जण बाहेरगावी आहेत. त्यांची वर्गणी मी भरलो. युपीआयची नोंद बघा, पावत्या फाडा."

खजिनदार माझ्याकडे बघायला लागले. सचिव धावत आले. "वकील साहेब, हे काय करायलेत? ते नऊ तर येणारच नाहीत!"

तेच तर होतं. ते नऊ आले नाहीत तरी वहीत मोजले जाणार. १०० चे १०९ झाले की होकार लागणार ६६. एकाही माणसाला न आणता एका माणसाने सहा मतांचा डोंगर उभा केला होता.

सचिवांचं म्हणणं, यादी आदल्या संध्याकाळीच बंद झाली असं धरा. मी नाही म्हणालो. कायद्यात 'त्या वेळी' थकबाकी असली पाहिजे असं आहे, आणि बारा जणांचे पैसे आपण त्याच सकाळी घेतले होते. दुसऱ्याने भरलेली वर्गणी चालते का? घटनेत मनाई नाही. उदगीरचा एक सभासद दरवर्षी तिथल्या सगळ्यांची वर्गणी एकरकमी भरतो आणि खजिनदार पावत्या देतात. भारतीय करार कायद्याचं कलम ४१ सांगतं की तिसऱ्याने केलेली फेड घेणेकऱ्याने स्वीकारली, तर ती मूळ देणेकऱ्याकडे पुन्हा मागता येत नाही. पैसे खात्यात जमा झालेले होते. या एकाच माणसाला नकार दिला असता तर त्याने बदल अर्जावर हरकत घेतली असती आणि सगळी मेहनत तिथे कोसळली असती. मी अध्यक्षांना सांगितलं, पावत्या द्या.

मतदान झालं. प्रॉक्सी धरून होकार ६४, नकार ९. एक क्षण टाळ्या वाजल्या, कारण मागच्या रांगेला ६६ चा आकडा माहीत नव्हता. अध्यक्षांनी ठराव नामंजूर झाल्याचं जाहीर केलं तेव्हा एक डिप्लोमावाले काका माझ्याजवळ आले. "चौसष्ट आणि नऊ, तरी हरलो कामून?" मी त्यांना कलम समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे जे आले नाहीत त्यांनी हरवलं."

कलम १२ मागची भूमिका मला पटते. चार माणसांनी बंद खोलीत संस्थेचं रूप पालटू नये, घरी बसलेल्या सभासदालाही किंमत असावी, म्हणून ते आहे. पण ही किंमत सभासदाने स्वतः दाखवलेल्या आस्थेची असली पाहिजे. त्या नऊ जणांनी ना टपाल उघडलं, ना प्रॉक्सी पाठवली, ना स्वतःच्या खिशातून वर्गणी दिली. ज्येष्ठ अभियंत्यांनी कायदा मोडला नाही हे मान्य. तीस वर्षं साइटवर आपल्या बरोबरीने उभ्या राहिलेल्या माणसांना मत मिळू नये म्हणून त्यांनी एवढी बुद्धी खर्च केली, याचा राग मला आजही येतो.

चार दिवसांनी पुण्याहून एका सभासदाचा फोन आला. त्याला वर्गणीची पावती पोस्टाने मिळाली होती. "मी कुणालाच पैसे भरा म्हणालो नव्हतो. आणि मला विचारलं असतं तर मी प्रॉक्सी होकाराचीच दिली असती. माझं नाव मोजलं कसं?" कलम ४१ मध्ये घेणेकऱ्याचा स्वीकार पाहतात, देणेकऱ्याची संमती नाही. पण सभासद म्हणून मोजलं जाणं म्हणजे नुसतं देणं फिटणं आहे का? नऊपैकी सात जणांनी असं लेखी दिलं तर मोजायचे उरतात १०२, होकार लागतात ६२, आणि ६४ तर मिळालेले आहेत. अध्यक्षांनी जाहीर केलेला निकाल त्यावर फिरवता येईल का, याबद्दल माझं मन अजून एका बाजूला झुकलेलं नाही.

सचिव म्हणतात, जुनं उकरू नका, नव्याने नोटीस काढू, आणि त्यात वर्गणी सभासदाने स्वतःच भरावी असा नियमही घालू. तो नियम घालायचा तरी पुन्हा तेच कलम १२ आहे. मी त्यांना आधी त्या नऊ जणांचे पत्ते काढायला सांगितले आहेत.