पंधरा मिनिटं

गिअरची वायर हँडलवरच्या उजव्या शिफ्टरच्या, म्हणजे गिअर बदलायच्या लिव्हरच्या, आतच तुटली होती आणि तिची मुंडी, म्हणजे टोकाची जाड गोळी, आत अडकून बसली होती. सायकल स्टँडला लावण्याआधीच मला ते कळलं, कारण लिव्हर दाबली की ती नुसती सैल हलत होती. चेन सगळ्यात छोट्या, अकरा दात्यांच्या चकतीवर होती. त्याच गिअरवर त्या बाई चाळीस किलोमीटर आल्या होत्या. चढ आला की उतरायचं, सायकल ढकलायची, वर पोचलं की पुन्हा बसायचं.

खुर्चीत बसता बसता त्या स्वतःशीच म्हणाल्या, "संपलं बाई सगळं."

मी मान वर न करता म्हटलं, "संपलं कुठं ताई? बसा, बघतो मी."

त्या एकदम गप्प झाल्या. झोप नसल्यामुळे भास होतोय, असं त्यांना वाटलं होतं, हे त्यांनी नंतर सांगितलं. पॅरिस-ब्रेस्त-पॅरिस या लांब पल्ल्याच्या सायकल राइडमध्ये असे भास खरोखर होतात. रस्त्याकडेची झाडं माणसं वाटतात, कोणी हाक मारल्यासारखं वाटतं. फ्रान्सच्या पश्चिमेला, ब्रिटनीतल्या लूदेआक गावात, रात्री साडेदहाला मेकॅनिकच्या तंबूत कोणी मराठीत बोलेल ही कल्पनाच त्यांना नव्हती.

मी मूळचा कराडचा. वडिलांचं सायकलचं दुकान होतं, तासावर भाड्यानं सायकली द्यायचे. लग्नानंतर बायकोच्या नोकरीसाठी आम्ही ब्रिटनीतल्या रेन शहरात आलो आणि मी इथल्या एका दुकानात कामाला लागलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये मालकांनी मला चार रात्रींसाठी लूदेआकच्या कंट्रोलवर, म्हणजे राइडच्या तपासणी नाक्यावर, पाठवलं.

ज्यांना ही राइड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. १८९१ मध्ये ही शर्यत म्हणून सुरू झाली. तेव्हा जिंकलेल्या शार्ल तेरोंला ७१ तास २२ मिनिटं लागली होती. १९३१ पासून ओदाक्स क्लब पारिझियां ती हौशी सायकलस्वारांसाठी भरवतो आणि आता दर चार वर्षांनी होते. अंतर १,२०० किलोमीटरच्या वर, मुदत बहुतेकांना ९० तास. आधी त्याच वर्षी २००, ३००, ४०० आणि ६०० किलोमीटरच्या ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायच्या राइड, पूर्ण कराव्या लागतात. पुणे, मुंबई, नाशिककडची मंडळी हल्ली मोठ्या संख्येनं येतात ती या वाटेनं. रस्त्यात मोठा घाट नाही. ब्रेस्तच्या अलीकडचे मों दारेचे डोंगर चारशे मीटरसुद्धा भरत नाहीत. पण सपाटीही नाही. एक टेकडी उतरलात की दुसरी समोर उभी. सगळे चढ मिळून दहा हजार मीटरच्या वर जातात आणि ते मांड्यांतून वसूल होतात. अशा रस्त्यावर अकरा दात्यांवर अडकणं म्हणजे गुडघ्यांची वाट.

चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणाऱ्या डिरेलरवरचा एच लिहिलेला स्क्रू आत फिरवला असता तर चेन दोन-तीन चकत्या वर राहिली असती आणि निम्मे चढ बसून निघाले असते. हे त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं. आपल्याकडे राइडची तयारी म्हणजे पाय आणि दम. सायकलच्या आत काय चाललंय ते दुकानदारानं बघायचं. याचं मला फार वाईट वाटतं. गिअरची वायर शिफ्टरच्या आत एकेक तार सोडत मरते. आधी गिअर पडायला आळस करतो, मग दोनदा दाबावं लागतं. त्यांची चार दिवसांपासून तशी करत होती.

"किती वेळ लागेल?"

"मुंडी लवकर निघाली तर वीस मिनिटं. नाहीतर पाऊण तास."

"माझ्या हातात दीड-दोन तास आहेत. त्यात जेवणही करायचंय."

आत व्यायामशाळेत खाटा होत्या. वेळ सांगितली की स्वयंसेवक कागदावर लिहून घेतात आणि बरोबर उठवतात. पण तिथं रांग होती. मी म्हटलं, इथंच आडव्या व्हा, काम झालं की उठवतो. त्यांना भीती होती की झोप लागली तर जाग येणार नाही. "शब्द देतो," म्हणालो. पुठ्ठ्यावर पडल्या, अंगावर चंदेरी फॉइल ओढलं आणि मिनिटभरात घोरायला लागल्या. ऑगस्ट असूनही थंडी अशी की तोंडातून वाफ निघत होती.

मुंडी निघेना. तुटलेल्या तारा फुलून चहूबाजूंनी रुतल्या होत्या. चिमट्यानं ओढलं की एकेक तार हातात यायची आणि बोटात घुसायची. वडील अशा कामासाठी डब्यात छत्रीच्या काड्या ठेवायचे. मी जुना स्पोक घेतला, टोक दगडावर घासलं, पक्कडीनं बारीक आकडा केला. रबर मागे सरकवून, झाकण काढून, डोक्यावरच्या दिव्याच्या उजेडात त्या आकड्यानं मुंडी ढकलत राहिलो. मध्ये दोघांच्या ट्यूब बदलल्या, एकाचा दिवा जोडून दिला. एक जण मान उचलता येत नाही म्हणून हेल्मेटला जुनी ट्यूब बांधून ती पाठीला ताणून घेत होता. त्याला गाठ मारून दिली. अकरा वीसला मुंडी टप्पकन बाहेर पडली. नवी वायर ओवली, गिअर लावले, एकेक पाडून बघितले. अकरा पंचवीस.

आता उठवायचं होतं. माझा सहकारी वयानं मोठा, या राइडच्या कित्येक रात्री त्यानं काढलेल्या. त्यानं त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाला, राहू दे थोडा वेळ. झोपेत सायकल चालवणारी माणसं खड्ड्यात जातात. मला ते पटलं. चेहरा राखेसारखा झाला होता त्यांचा. मी त्यांना आणखी पंधरा मिनिटं झोपू दिलं, तोवर कॉफी आणि सूप आणून ठेवलं.

अकरा चाळीसला उठवलं. त्यांनी आधी घड्याळ बघितलं, मग मला.

"कधी झालं काम?"

मी खरं सांगितलं.

"दादा, तुम्ही शब्द दिला होता," एवढंच म्हणाल्या. सूप अर्धं टाकून गेल्या.

पुढचे दोन दिवस त्या कुठवर पोचल्या हे मी मोबाइलवर त्यांच्या राइडच्या नंबरवरून बघत होतो. कारेचं कंट्रोल आलं. मग ब्रेस्त, पश्चिमेचा वारा तोंडावर घेत. बुधवारी पहाटे दोनच्या सुमाराला त्या परतीच्या वाटेवर पुन्हा लूदेआकला आल्या. राग गेला होता. ब्रेक पॅड बघायला सांगितले. रात्री दोन वाजता कुठल्याशा गावात एका आजींनी अंगणात टेबल मांडून कॉफी दिली, पैसे घेतलेच नाहीत, हे सांगताना त्यांचा गळा भरून आला. गिअर लोण्यासारखे पडतायत म्हणाल्या. त्या रात्री मी घरी जाऊन शांत झोपलो.

गुरुवारी दुपारी एक वाजून नऊ मिनिटांनी त्या रांबुयेला, म्हणजे राइड संपते तिथं, पोचल्या. त्यांची मुदत एक वाजता संपत होती.

ती वेळ मी कितीदा बघितली असेल. त्यांना मेसेज केला, माफी मागितली. त्यांचं उत्तर आलं की शेवटच्या रात्री मोर्तान्यच्या कंट्रोलवर त्या स्वतःच तासभर झोपून राहिल्या होत्या, त्यामुळे तुम्ही मनाला लावून घेऊ नका. मी लावून घेतलंच. त्या रात्री त्यांना तसंच उठवून रस्त्यावर सोडायला हवं होतं, असं मला अजूनही वाटत नाही. पण वेळ त्यांची होती. चार वर्षांची तयारी, सुट्ट्या, तिकीट, सगळं त्यांचं. किती झोपायचं हे त्यांना विचारायला मला अर्धं मिनिट लागलं असतं. मी विचारलं नाही.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मी पुन्हा लूदेआकला होतो, या वेळी मालकांना मीच विचारलं होतं. परतीच्या रात्री त्या आल्या. केस जास्त पांढरे झालेले, सायकल तीच. निघण्याआधी दोन्ही वायरी नव्या टाकल्यात, हे आल्या आल्या सांगितलं, आणि पिशवीतली जास्तीची वायर काढून दाखवली. सायकलला काही झालेलं नव्हतं. तरी तंबूपाशी आल्या, पुठ्ठा ओढला.

"किती वाजता उठवू?" मी विचारलं.

"पावणेतीन."

मी पावती-पुस्तकाच्या मागे लिहून घेतलं, त्यांना दाखवलं आणि मोबाइलला गजर लावला. पावणेतीनला त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा त्या गाढ झोपेत होत्या, चेहरा तसाच राखेसारखा. मी पुन्हा हलवलं.