आमची वाटचाल : "शेठ, मशीन चावतंय"

2009 साली नाशिकच्या अंबड एमआयडीसीत भाड्याच्या गाळ्यात आम्ही एक जुनं स्लिटिंग मशीन टाकलं. पॉलिएस्टर आणि बीओपीपी या पॅकिंगच्या प्लास्टिक फिल्मचे मोठे रोल आणायचे आणि पार्टीला हव्या त्या रुंदीत कापून द्यायचे, एवढंच काम. पावसाळा बरा गेला. डिसेंबरात कोरडी थंडी पडली आणि ऑपरेटर म्हणाला, "शेठ, मशीन चावतंय."

आम्ही हसलो. स्वेटर काढताना चटचट होतं तेच हे, इथवरच तेव्हा माझी अक्कल. फिल्म रोलवरून वेगाने सुटताना तिच्यावर विजेचा भार साठतो, त्यालाच स्टॅटिक म्हणतात. तो शेजारच्या माणसाच्या अंगावरही चढतो. पायात रबरी चप्पल असली की त्याला जमिनीत उतरायला वाट नाही, मग लोखंडाला बोट लागलं की चट्ट! माणसाला हा चटका जाणवायलाच दोन-तीन हजार व्होल्ट लागतात. आकडा ऐकून धडकी भरते, पण साठा चिमूटभर, क्षणात संपतो. धडधाकट माणसाच्या जिवाला त्याने सहसा काही होत नाही. त्या भरवशावर आम्ही चार हिवाळे काढले.

पाचव्या हिवाळ्यात हेल्पर पोरगा स्टुलावर चढून रॅकच्या वरच्या फळीवर रोल ठेवत होता. रॅकला बोट लागलं, त्याने दचकून हात मागे घेतला आणि रोलसकट खाली आला. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. बोटावर मात्र चटक्याचा ठिपकासुद्धा नव्हता. रजिस्टरमध्ये आम्ही लिहिलं : 'स्टुलावरून पडला.' मग मागची पानं चाळली. कुणाचं कोपर आपटलेलं, कुणाचं बोट ब्लेडवर गेलेलं, आणि बहुतेक तारखा डिसेंबर ते फेब्रुवारीतल्या. चटका हा शब्द एकाही पानावर नव्हता.

त्यानंतर आयोनायझर बार, म्हणजे फिल्मवरचा भार मारणारी सुयांची पट्टी, आणली. पैसे गेले, चटके राहिले. विकणाऱ्याने तो लोखंडी रोलरच्या अगदी समोर बसवून दिला होता. फिल्म धातूला टेकलेली असताना तिच्यावरचा भार जणू झाकला जातो, बारचा काही उपयोग होत नाही. तोच बार दोन रोलरच्या मधे, फिल्म मोकळी धावते तिथे सरकवला आणि फरक पडला. त्याच्या सुया धुळीने भरतात, म्हणून आता ब्रशने साफ करायचा वार ठरलेला आहे. त्याआधी आम्ही ओली पोती अंथरून हवेत ओल आणायचो. चटके कमी झाले, घसरणारे वाढले!

पण मला खरा घाम फुटला तो एका जुलैत. ऑपरेटर म्हणाला, "पॅनेलजवळ करंट लागतो." सगळे म्हणाले, "स्टॅटिक असेल, नेहमीचंच." बाहेर धो धो पाऊस, हवा ओलीचिंब, अशा दिवसांत स्टॅटिक कुठून येणार? इलेक्ट्रिशियनने पाहिलं तर मोटरचं इन्सुलेशन गेलेलं आणि अर्थिंगची वायर तुटलेली. रोजच्या चटक्यांनी आमची माणसं निर्ढावली होती. तेव्हापासून गळती होताच वीज तोडणारा 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी स्विच आहे आणि एक नियम आहे : स्टॅटिक एकदा चटकतं आणि संपतं. त्याच जागी मुंग्या येत राहिल्या तर पुन्हा हात लावून बघायचं नाही, मेन स्विच पाडायचा.

2016 ला छपाई सुरू केली तेव्हा प्रश्न चटक्यापुरता राहिला नाही. शाईबरोबर टोल्यूइन हे झटकन पेटणारं सॉल्व्हंट आलं. अंगावर 10,000 व्होल्ट चढले असतील तर बोटातून 5 ते 10 मिलिजूलची ठिणगी पडू शकते. टोल्यूइनची वाफ हवेत नेमक्या प्रमाणात मिसळलेली असेल तर पाव मिलिजूलही पुरतं. सॉल्व्हंट ओतायच्या प्लास्टिकच्या बादल्या त्याच आठवड्यात भंगारात दिल्या. आता लोखंडी ड्रम आणि बादली आधी तांब्याच्या वायरने एकमेकांना व अर्थिंगला जोडायची, मगच ओतायचं. अंगावरचा भार जमिनीत उतरवणारे अँटिस्टॅटिक बूट दिले, गणवेश सुती केले. पॉलिएस्टरचा इस्त्री न करता चालतो म्हणून त्यावरून आमच्याकडे अजूनही कुरबुर आहे. मशीनपुढची रबरी मॅटही काढली, पॅनेलसमोरची मात्र राहू दिली. लाइनचा करंट अडवायला ती तिथे हवीच.

सध्या लॅमिनेशन मशीन घ्यायचं चाललंय. परवा विक्रेत्याला पहिलाच प्रश्न विचारला, "रिवाइंडला, फिल्म परत गुंडाळताना, स्टॅटिक किती येतं?" तो मिनिटाला किती मीटर निघतात तेच सांगत राहिला. ऑपरेटर शेजारी उभा होता. तो म्हणाला, "शेठ, जानेवारीत बघायला जाऊ."