प्रोसेसरनिहाय कोडची मांडणी

गोव्यात पर्वरीला आम्ही काही जण पोर्तुगीजकालीन आणि मोडी कागदांच्या स्कॅन केलेल्या प्रती स्वच्छ करणारी सी प्लस प्लसमधली एक लायब्ररी सांभाळतो. ती जुन्या डेस्कटॉपवर चालावी लागते, तशीच एआरएम प्रोसेसरच्या नव्या लॅपटॉपवरही. त्यामुळे वेगवान कोड कसा लिहावा यापेक्षा तो कोणत्या फाइलीत ठेवावा, हाच प्रश्न आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो.

प्रत्येक फंक्शनच्या पोटात इफडेफची (अटीनुसार कोड ठेवणाऱ्या-गाळणाऱ्या ओळींची) जाळी विणण्यास माझा विरोध आहे. आमच्याकडे प्रत्येक क्रियेची एक साधी, कोणत्याही यंत्रावर चालणारी आवृत्ती असते आणि एसएसई२, एव्हीएक्स२ व निऑन या, एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या सूचनासंचांच्या आवृत्त्या स्वतंत्र फाइलींत असतात. ६४-बिट एक्स८६ (इंटेल, एएमडी) प्रोसेसरमध्ये एसएसई२ गृहीतच असते आणि ६४-बिट एआरएमवर निऑनही जवळजवळ तसेच, म्हणून तेथे तपासणी करत नाही. एव्हीएक्स२ मात्र तपासावेच लागते. ते इंटेलच्या २०१३ च्या हॅसवेलपासून आले खरे, पण त्याच पिढीतील पेंटियम आणि सेलेरॉन त्याविना विकले गेले; तेव्हा यंत्राच्या वयावरून अंदाज बांधण्यात अर्थ नाही. शिवाय सीपीयूआयडीचे, म्हणजे प्रोसेसरला त्याच्या क्षमता विचारणाऱ्या सूचनेचे, उत्तर पुरेसे नसते. एव्हीएक्स२ ज्यांवर काम करते ती २५६-बिट रजिस्टर ऑपरेटिंग सिस्टिम जतन करते की नाही, हेही पाहावे लागते. ही तपासणी आरंभी एकदाच होते आणि तिच्यानुसार फंक्शन पॉइंटरांचा (कोणती आवृत्ती चालवायची त्या पत्त्यांचा) तक्ता भरला जातो. त्या पॉइंटरातून हाक प्रत्येक पिक्सेलला न घालता प्रतिमेच्या एका अख्ख्या ओळीला घालावी, नाहीतर कमावलेला वेग तेथेच खर्च होतो.

खरा धोका हेडर फाइलींत, म्हणजे अनेक फाइलींत समाविष्ट होणाऱ्या सामाईक फाइलींत, असतो. एव्हीएक्स२ चा पर्याय लावून संकलित होणाऱ्या फाइलीत सामाईक हेडरमधले इनलाइन फंक्शन किंवा टेम्प्लेट आले, की त्याची एव्हीएक्स२ सूचना असलेली प्रतही तयार होते. संकलित फाइली जोडणारा लिंकर एकाच नावाच्या प्रतींपैकी एक ठेवतो. नेमकी तीच राहिली, तर जुन्या यंत्रावर साध्या आवृत्तीच्या वाटेनेही प्रोग्रॅम अवैध सूचनेपाशी कोसळतो, आणि विकसकाच्या नव्या यंत्रावर त्याचा मागमूसही लागत नाही. म्हणून या फाइलींत आम्ही वेक्टरसारखे प्रमाण टेम्प्लेटही येऊ देत नाही. फक्त पॉइंटर आणि लांबी आत येते, आणि मदतनीस फंक्शने अनामिक नेमस्पेसमध्ये, म्हणजे त्या फाइलीपुरतीच, राहतात.

चाचणीत प्रत्येक आवृत्ती साध्या आवृत्तीशी ताडून पाहतो. पूर्णांकांत उत्तर तंतोतंत जुळलेच पाहिजे. अपूर्णांकांत मात्र एफएमए ही एकत्रित सूचना वापरल्यास गुणाकार आणि बेरीज मिळून एकदाच निकटन (राउंडिंग) होत असल्याने शेवटचा बिट वेगळा येऊ शकतो, तेवढी सूट आम्ही चाचणीत स्पष्टपणे लिहून ठेवली आहे.