मेसचं खरकटं आणि पाचटाची कुट्टी

खत करायला फार अक्कल लागत नाही, कोरडा माल जमवायला लागते. कॉलेजच्या वसतिगृहात मेसमागं जाळीच्या विटांचे दोन हौद बांधायचे ठरले, तेव्हा आमची सगळी चर्चा हौदावरच चालली होती.

परवानगीसाठी आधी पर्यावरणावर दोन पानं लिहिली, ती टेबलावर पडून राहिली. मग अर्जात तेव्हाच्या, २०१६ च्या घनकचरा नियमांचा आधार घेतला: दिवसाला सरासरी १०० किलोच्या वर कचरा होत असेल तर ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा. लगेच सही मिळाली.

पुढची गाठ रविवारच्या तांबड्या-पांढऱ्याशी. ताटातला उरलेला रस्सा बादलीतून हौदात गेला की पाण्यातेलानं हवेची वाट बंद होते आणि आंबूस घाण सुटते. तोडगा मेसच्या मावशींनी काढला: बादलीवर भोकं पाडलेली जुनी परात. खाली गळेल ते मोरीत, वरचा भात, भाकरी, भाजी हौदात. हाडं वेगळी, नाहीतर गल्लीतली सगळी कुत्री मेसमागं. "पोरांनो, ताटात कमी घ्या की, मग हा उपद्व्याप कशाला?" असं त्या रोज म्हणायच्या. बरोबरच होतं त्यांचं.

एक बादली खरकटं, त्यावर दोन बादल्या कोरडा पाला, थोडा शेणकाला, असे थर. मूठ दाबली तर ओल लागावी, पाणी गळू नये. आठवड्यानं फावड्यानं पलटी मारली की वाफा निघायच्या. आतलं तापमान ५५ अंशांच्या वर जायचं. रोगजंतू आणि तणाचं बी मरतं ते या उष्णतेनं.

आणि मग जुलै. कोल्हापूरच्या पावसात कोरडं पान कुठून आणायचं? तेवढे दिवस वखारीतल्या भुशावर काढले. गुऱ्हाळाचं चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला ऊस, मागावं, तर गुऱ्हाळं पेटतात दिवाळीच्या सुमाराला आणि चिपाड त्यांना गुळाच्या काहिलीखाली जाळायलाच लागतं. शेवटी करवीर तालुक्यातला एक मित्र म्हणाला, "पाचट न्या की, आमी तर फडातच पेटवतोय." पाचट म्हणजे उसाचा वाळलेला पाला. अख्खं पाचट हौदात महिनोन्‌महिने तसंच राहतं, म्हणून कडबाकुट्टीच्या यंत्रातून बारीक करून घेतलं. आता ऊसतोडीच्या दिवसांतच कुट्टीची पोती भरून सायकल स्टँडच्या पत्र्याखाली रचतो, शिवाय मार्चमधला आवारातला पाला. झाडणारे मामा आता पाला पेटवत नाहीत, हा मला खतापेक्षा मोठा फायदा वाटतो.

मेमध्ये मेस बंद, तेव्हा हौद नुसता मुरत ठेवायचा. जूनला चाळून खत बागेत जातं. चाळणीवर आंब्याच्या कोयी, कुट्टीचे जाड तुकडे आणि हमखास एखादा स्टीलचा चमचा उरतो. चमचा मावशींकडे, बाकीचं परत हौदात.