किडनीवाचून अडत नाही

किडनी नसलेल्या बारक्या जिवांचं कसं भागत असेल हा प्रश्न सहसा कुणाच्या डोक्यात येत नाही. जेलीफिश, हायड्रा यांना तर घाण टाकायला वेगळा अवयवच नाही, अंग इतकं पातळ की जवळपास प्रत्येक पेशी पाण्याला लागून, मग अंगात तयार होणारा अमोनिया (नायट्रोजनचा कचरा) आपोआप बाहेर झिरपतो. अमोनिया विषारी खरा, पण पाण्यात झटकन विरघळतो, त्यामुळे पाण्यात राहणाऱ्याला त्याचं टेन्शन नाही.

खरी कटकट पाण्याचीच! गोड्या पाण्यात क्षार बाहेर कमी आणि आत जास्त, म्हणून पाणी सारखं आत घुसतं, भोक पडलेल्या होडीत बसल्यासारखं, उपसत राहायचं नाहीतर संपलं. पॅरामेशियम (एकपेशीय आहे, त्याला प्राणी म्हणायचं का यावर कृपया भांडू नका) मायक्रोस्कोपखाली बघा, दोन टोकांकडे दोन बुडबुडे, भोवती चांदणीच्या आकारात बारीक नळ्या, बुडबुडा फुगत फुगत जातो आणि फट्कन गायब, आतलं पाणी बाहेर, की लगेच परत फुगायला सुरुवात. थेंबात किंचित मीठ मिसळलं की हा ठोका मंदावतो, कारण आत शिरणारं पाणीच कमी होतं. मी तर हे तासभर बघू शकते.

प्लॅनेरिया या चपट्या किड्यात नळ्यांचं जाळंच असतं, टोकांना ज्योतपेशी, आत बारीक केसांचा झुपका सारखा लवलवतो आणि पाणी पुढे ढकलतो. अमोनिया मात्र बराचसा कातडीतूनच जातो, म्हणजे एवढं प्लंबिंग मुख्यतः पाण्यासाठी! गांडुळात नेफ्रिडिया (कचरा बाहेर काढणाऱ्या बारीक नळ्या) असतात, फेरेटिमा गांडुळात तर त्यातले बरेचसे आतड्यातच रिकामे होतात, म्हणजे जाता जाता पाणी परत शोषता येतं.

जमिनीवरच्या कीटकांचं सगळंच उलटं, तिथे पाणी वाचवायचं. १७व्या शतकातल्या मार्चेल्लो माल्पिघी या इटालियन डॉक्टरच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नळ्या रक्तातून क्षार, पाणी आणि कचरा ओढून आतड्यात सोडतात, मग शेवटच्या भागात पाणी परत खेचलं जातं आणि बहुतेक कीटकांत युरिक ॲसिड (हाही नायट्रोजनचाच कचरा) जवळजवळ कोरडं बाहेर पडतं. झुरळ त्याहून चिकट, ते युरिक ॲसिड चरबीत साठवून ठेवतं आणि खायला नायट्रोजन कमी पडला की त्या चरबीतच पाळलेले ब्लाटाबॅक्टेरियम नावाचे जीवाणू त्याच कचऱ्यातून त्याला अमिनो ॲसिडं बनवून देतात. झुरळ मला अजिबात आवडत नाही, पण हा जुगाड मानलाच पाहिजे.