फौजेतून बाहेर पडताना बायोडेटात काय लिहावं

आजचा दिवस निवृत्त जवानांचे बायोडेटा वाचण्यात गेला. एकाहून एक तयारीची माणसं, पण कागदावर त्यातलं काही उतरतच नाही, याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात जास्त घोळ कामाच्या वर्णनात होतो. 'क्वार्टरमास्टर स्टोअर (म्हणजे युनिटच्या सामानाचं गोदाम) सांभाळला' एवढ्यावरून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही. किती प्रकारचा माल होता, नोंदी रजिस्टरमध्ये होत्या की संगणकावर, हाताखाली किती माणसं होती, वार्षिक मोजणीत तफावत किती निघाली, हे लिहा. गोदामाच्या मॅनेजरला नेमकं तेच हवं असतं. वाहनदुरुस्ती केली असेल तर गाड्यांचे प्रकार, इंजिन डिझेल की पेट्रोल, ब्रेक आणि हायड्रॉलिकचं काम स्वतः उघडून केलंय का, तेही येऊ द्या. युनिटची ठिकाणं आणि शस्त्रसाठ्याचे आकडे मात्र चुकूनही नकोत.

दोन पानं पुरे. पदकं शेवटी.

मुलाखतीत 'आम्ही केलं' हे तोंडात बसलेलं असतं. तिथे स्वतःचा वाटा वेगळा सांगावाच लागतो. आणि पेन्शन आहे म्हणून पगार कमी मागू नका. पेन्शन झालेल्या सेवेची, पगार पुढच्या कामाचा.

तयारी सेवा संपायच्या वर्षभर आधी सुरू करा. जड वाहनाचा परवाना असो की वेल्डिंगची चाचणी, लष्करी प्रशिक्षणाला नागरी मान्यता मिळवण्यात महिने जाऊ शकतात. प्रशिक्षणाचे दाखले युनिटमध्ये असतानाच काढून घ्या. नंतर तेच कागद मिळवायला अर्जावर अर्ज करावे लागतात.