पेरणे गावचा जयस्तंभ, जलरंगात
आज कोरेगाव भीमाजवळच्या पेरणे गावचा जयस्तंभ काढला. १८१८च्या लढाईचं स्मारक, उंच नि निमुळतं. आधी मधली उभी रेघ, मगच दोन्ही कडा. उलट केलं की स्तंभ हमखास कलतो आणि रंगाने ते झाकलं जात नाही. कागद ३०० जीएसएम (म्हणजे जाड), खरबरीत. काळ्या ट्यूबला हात लावू नका, दगड मेल्यासारखा दिसतो. दगडाच्या करड्यासाठी अल्ट्रामरीन (निळा) दोन भाग, बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) एक. उन्हाच्या बाजूला त्यातच पाणी वाढवायचं. संगमरवरी पाट्या म्हणजे कोरा सोडलेला कागद. अक्षरं लिहायच्या फंदात पडायचं नाही! आभाळाचा वॉश (पातळ रंगाचा हात) हाताच्या पाठीला गार लागेनासा होईपर्यंत थांबा, नाहीतर दगडाचा रंग आभाळात पसरून फ्लॉवरसारखा फुलतो. आज टोकाशी तेच झालं. टिश्यूने टिपलं, डाग राहिलाच.